पंखा उलटा फिरत होता

२०१८ चा मे महिना. रतनवाडीच्या पलीकडच्या एका वाडीवरून आम्ही राजूरला निघालो होतो. गाडीत मागच्या बाकावर एक पहिलटकरीण, तिची सासू, शेजारची एक बाई आणि मी. कळा पहाटेच सुरू झालेल्या. १०८ ला फोन लावायचा तर वाडीवर रेंज नाही, रेंजसाठी टेकाडावर जायचं आणि तिथून फोन लागला तरी रुग्णवाहिका येऊन परत जाईपर्यंत केवढा वेळ. त्यापेक्षा आपली जीप दारात उभी आहे, चला, असं मीच म्हटलं.

शेंडीच्या अलीकडच्या चढावर गाडीतून गोडसर वास यायला लागला. मग फुसफुस असा आवाज. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ. आमच्याकडे गाडी चालवणारा पोरगा, मला काकू म्हणतो, चोविशीचा असेल तेव्हा, उतरला आणि पोतं ओलं करून रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. मी "थांब रे" म्हणेपर्यंत झाकण उडालं आणि उकळतं पाणी त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आलं.

गाडीत पाच लिटरचा एकच कॅन होता. आमचं पिण्याचं पाणी तेवढंच. पोरगा कळवळत असूनही म्हणत होता, "काकू, ते गाडीत ओता, गाडी चालू झाली पाहिजे." सासूबाई पिशवीतून टूथपेस्ट काढून देत होत्या, हातावर लावायला. आणि मागे ती मुलगी दात आवळून बसलेली. आरोग्य शिबिरात आम्हीच बायकांना शिकवतो की भाजलं तर वीस मिनिटं साधं थंड पाणी, पेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फही नाही. शिकवणं सोपं असतं. मी तो कॅन त्याच्या हातावर बारीक धारेनं संपवला. गाडीत ओतायला काही उरलं नाही. तसंही तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं असतं तर हेडला तडा जाण्याची भीती असते, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत नव्हतं, तेव्हा फक्त पोराचा हात दिसत होता.

पाऊण तासानं दुधाचा पिकअप आला. कॅन एका बाजूला सारून मुलीला पुढच्या सीटवर घेतलं, पोरालाही बसवलं. दुपारी राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. दोघी सुखरूप. म्हणून आज हे शांतपणे लिहू शकते.

ही जीप माझ्या सासऱ्यांची. १९९३ ची महिंद्राची एमएम ५४०, चारही चाकांना ताकद देणारी, २११२ सीसीचं प्यूजोच्या धर्तीचं डिझेल इंजिन. मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली, तेव्हापासून महिंद्रा आणि जीप हे शब्द आपल्याकडे एकच झालेत. अकोले तालुक्यात तर काळीपिवळी असो, कमांडर असो, सगळ्यांना जीपच म्हणतात. सासरे गेल्यावर यजमानांनी ती विकायची ठरवली होती. मी मागून घेतली. बचत गटांच्या बैठका, नागलीच्या पापडांची खोकी, डोळ्यांच्या शिबिराला न्यायची म्हातारी माणसं, सगळं तिच्यातून होतं. पावसाळ्यात घाटघर-सामरदच्या बाजूला दुसरी गाडी चालतच नाही. घाटघरला आपल्या जिल्ह्याची चेरापुंजी उगाच म्हणत नाहीत.

त्या दिवसानंतर मला एकच कळत होतं, गाडी तापता कामा नये.

जो भेटेल तो एकच उपाय सांगायचा. "इलेक्ट्रिक फॅन बसवा." चहाच्या टपरीवरच्यानं सांगितलं, दिरांनी सांगितलं, यजमानांच्या ऑफिसातल्यांनी सांगितलं. जुन्या जीपला पंखा असतो तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात फिरलं तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखा हळू. म्हणजे बघा, मोकळ्या रस्त्यावर समोरून वारं भरपूर मिळतंय, तिथे पंखाही भणभणतोय. आणि चढावर, गाडी भरलेली, वारं नाही, इंजिन दमलेलं, तिथे पंखा मात्र कण्हतोय. विजेच्या पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही, बॅटरीवर तो कधीही पूर्ण जोरात फिरतो. ऐकायला पटलं. मारुती ८०० ला १९८३ पासून असाच पंखा आहे. तिथे तर इलाजच नव्हता म्हणा, कारण तिचं इंजिन आडवं बसवलेलं, पट्ट्याचं तोंड रेडिएटरकडे येतच नाही.

मी एका गॅरेजला गाडी दिली. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. त्यानं भंगारातून एका छोट्या गाडीचा पंखा आणला, जुना लोखंडी पंखा काढून टाकला, नवा रेडिएटरला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळला, डॅशबोर्डवर एक बटण दिलं. वर सांगितलं, "थर्मोस्टॅट व्हॉल्व्हपण काढलाय ताई, आता पाणी गरागरा फिरेल. काश्मीरला जा!" दोन हजार आठशे रुपये दिले आणि आम्ही खुश.

आठवडाभर गाडी छान चालली. संगमनेरला जाऊन आली, सपाट रस्ता. नंतर भंडारदऱ्याकडे वर गेली आणि पहिल्यापेक्षा लवकर तापली. वर डॅशबोर्डखालून रबर जळल्याचा वास. बटणामागची वायर इतकी तापली होती की तिचं आवरण मऊ पडून शेजारच्या वायरला चिकटलं होतं. परत गॅरेजात गेले तर उत्तर मिळालं, "ड्रायव्हर बटण चालू करायला विसरला असेल." पोराच्या हातावरचं बँडेज अजून सुटलं नव्हतं. तो काही बोलला नाही. खरं तर एकदा तो विसरला होताही, म्हणजे बंद करायला. रात्रभर पंखा चालू राहिला आणि सकाळी बॅटरी गार. पण घाटात बटण चालूच होतं, मी शेजारी बसले होते.

यजमान म्हणाले, "विकून टाक आता. गाडी पंचवीस वर्षांची झाली." त्यांचंही चूक नव्हतं. घरातले अकरा हजार आधीच दवाखाना, ओढून नेणं आणि पंखा यात गेले होते. मी म्हटलं, एकदा नगरला दाखवते.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी आमच्या तोंडी नगरच येतं. नगरला दाखवायचं कारण म्हणजे जुन्या जीपची नस ओळखणारी माणसं तिथे भेटतात. शहराला लष्कर चिकटलेलं आहे, रणगाड्यांच्या दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे, संरक्षण खात्याची वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था तिथे, आणि ती संस्था जिथे आहे त्या भागाचं नावच वाहननगर. रणगाड्यांचं संग्रहालय तुमच्या मुलांनी सहलीत पाहिलं असेलच. लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी कारागीर शहराच्या आजूबाजूला छोटी गॅरेजं चालवतात. त्यातल्याच एकांकडे माझ्या भावानं पाठवलं. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना फौजीकाका म्हणतात, मीही तेच म्हणते.

त्यांनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग मला विचारलं, "वहिनी, आजचा पेपर आहे का गाडीत?" होता. त्यांनी पुरवणीचं पान काढलं (हीच पुरवणी, काय सांगू), इंजिन चालू केलं, पंख्याचं बटण दाबलं आणि ते पान गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते माझ्या तोंडावर उडालं.

पंखा उलटा फिरत होता. बॅटरीच्या मोटारीला दोन वायरी असतात, त्या उलट्या जोडल्या की मोटार उलटी फिरते, एवढी साधी गोष्ट. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्यानं पुढची गार हवा जाळीतून ओढून घ्यायची असते. आमचा पंखा इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत होता. सपाट रस्त्यावर गाडी पन्नासनं जाते तेव्हा समोरच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं, म्हणून गाडी चांगली चालल्यासारखी वाटली. घाटात वारं पडलं की त्याचं राज्य. आम्ही दोन हजार आठशे रुपये देऊन गाडीला स्वतःचाच गरम श्वास पाजत होतो.

मी हसायला लागले तर फौजीकाका म्हणाले, "हसू नका, वायर सरळ केली तरी गाडी तापणारच. ज्या पंख्यानं पंचवीस वर्षं काम केलं, तो एकाएकी कसा गुन्हेगार झाला? पंख्याच्या आधी पाण्याकडे बघा."

आणि त्यांनी झाकण दाखवलं. रेडिएटरचं झाकण म्हणजे आपल्या कुकरची शिट्टीच. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, म्हणून कुकरात डाळ लवकर शिजते. तसं तेरा पौंड दाबाचं झाकण धड असेल तर गाडीतलं पाणी जवळजवळ ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि पाणी शंभराच्या आतबाहेरच उकळायला लागतं. त्यातून आपण उंचावर. दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो, म्हणजे भंडारदऱ्याच्या बाजूला तो सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच. कळसूबाईच्या माथ्यावर चहा लवकर उकळतो पण पत्तीचा रंग नीट उतरत नाही असं आमच्या वाडीतल्या बायका म्हणतात, ते याचमुळे. आमच्या झाकणाचं रबर वाळलेल्या भाकरीसारखं तडकलेलं होतं. नवं झाकण दीडशे रुपयांचं. दीडशे.

कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण उघडायचं नसतं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण ओलं पोतं घेऊन धावतो. दाबाखाली ११० अंशांना शांत असलेलं पाणी झाकण सैल होताच एका क्षणात उकळून वर येतं, पोतं कितीही ओलं असो. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबायचं, वरचा होज हातानं दाबून बघायचा, तो मऊ आणि कोमट लागला तरच झाकणाला हात लावायचा. हे मी आता गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगते, अगदी ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही. काळीपिवळीतून तर सगळ्याच जातात.

झाकणानंतर रेडिएटर. तो काढून रेडिएटरवाल्याकडे नेला, त्यानं वरच्या टाकीचा डाख वितळवून टाकी वेगळी केली. आत पाहिलं आणि मला माझ्या सासूबाईंचा तांब्याचा बंब आठवला. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरातला बंब आतून कसा पांढऱ्या खपल्यांनी भरतो, लाकडं दुप्पट जळतात आणि पाणी तापत नाही. इथे उलटा प्रकार, पाणी निवत नाही. पंचवीस वर्षं आम्ही त्यात विहिरीचं, बोअरचं, टँकरचं, जे मिळेल ते पाणी ओतलं होतं. निम्म्याच्या वर नळ्या क्षारांनी बुजलेल्या. पुढच्या बाजूला पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांत चिखल आणि उसाच्या रस्त्यांवरचा भुसा घट्ट बसलेला. अशा रेडिएटरसमोर विमानाचा पंखा लावला तरी काय होणार? त्यानं नळ्यांतून पट्टीची सळई फिरवली, टाकीला नवा डाख दिला, पाण्यात बुडवून हवेनं गळती तपासली.

यापुढे त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. घरच्या आरओचं फेकायचं पाणी गाडीला वापरू का, असं मी हुशारीनं विचारलं होतं. ते तर सगळ्यात वाईट, त्यात क्षार जास्तच असतात. आणि कूलंट चवीला गोडसर असतं, पण विष आहे. तोच तो गोडसर वास. सांडलेलं लगेच धुवून टाकायचं, मुलं आणि कुत्री चाटतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. हे एवढं एका दमात लिहिलं, कारण आमच्या गोठ्यात ते बाटलीतच भरून ठेवलेलं सापडलं.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्हही परत बसवला. गॅरेजवाले तो काढून टाकतात ही जुनी खोड आहे. तो व्हॉल्व्ह इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तो नसला की डिझेल इंजिन सकाळी लवकर तापत नाही, धूर काढतं, झिजतं. भरपूर गार तेवढं चांगलं, असं इंजिनाचं नसतं.

यानंतर फौजीकाकांनी विजेचा पंखा बसवायला चक्क नकार दिला. जुनाच लोखंडी पंखा लावला, नवा पट्टा घातला, तापमानाचा चालणारा मीटर बसवला आणि म्हणाले, "पंधरा दिवस चालवा. मीटरचे आकडे लिहून आणा." मी वहीत लिहीत गेले. सपाटीवर ८५. घाटात साधारण ९५. गाडीत आठ माणसं आणि टपावर खोकी असतील तर लांब चढावर १०२-१०३. आणखी एक गोष्ट वहीतच सापडली. आमचा पोरगा डिझेल वाचवायला चढावर वरच्याच गिअरमध्ये गाडी ओढायचा. इंजिन घुरघुरतंय, फेरे कमी, म्हणजे पंखाही हळू आणि पाणी फिरवणारा पंपही हळू, आणि भार मात्र पूर्ण. गिअर एक खाली घेतला की आकडा चार-पाच अंशांनी उतरायचा. हे त्याला मी सांगितलं नाही, त्याची वही त्यालाच दाखवली.

म्हणजे गाडी बरी झाली होती. मग विजेचा पंखा हवाच कशाला? फौजीकाकांनी हा प्रश्न मलाच विचारला. उत्तर पावसाळ्यात मिळालं. सामरदच्या वाटेवर एका ओढ्यात गुडघ्याच्या खाली पाणी होतं. गाडी घातली. पंखा पट्ट्यावर फिरतोच आहे, त्याचं पातं पाण्यात बुडलं की पाण्याला मळसूत्रासारखं कापत पुढे वाकतं. वाकलेलं पातं रेडिएटरला लागलं. नशिबानं खरचटण्यावर निभावलं, नव्यानं डाख दिलेली टाकी वाचली. विजेचा पंखा असता तर ओढ्यात शिरण्याआधी बंद करता आला असता. (पाणी वेगानं वाहत असेल तर चारही चाकांची गाडी असो की हत्ती, थांबायचं. आमच्याकडे दर पावसाळ्यात एखादा शूर निघतोच.)

तेव्हा मग ऑगस्टमध्ये आम्ही पंखा बसवला, पण यावेळी नीट. नीट म्हणजे काय हे मी दोन दिवस स्टुलावर बसून पाहिलं, म्हणून सांगते.

पंखा मोठ्या डिझेल गाडीचा घेतला. ८०० सीसीच्या इंजिनाचा पंखा २१०० सीसीला पुरेल ही अपेक्षाच चूक होती. तो रेडिएटरच्या नळ्यांना प्लास्टिकच्या पट्टीनं न बांधता दोन लोखंडी पट्ट्यांवर, चौकटीला बोल्ट करून बसवला. नळ्यांमधून ओवलेल्या पट्ट्या गाडीच्या थरथरीनं घासून घासून भोक पाडतात. पंख्याभोवती रेडिएटरएवढं पत्र्याचं कडं करून घेतलं, गॅरेजात त्याला श्राउड म्हणतात. ते नसेल तर पंखा आपल्यासमोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो, चार कोपरे कोरडे राहतात. स्वयंपाकघरातल्या चिमणीला वर झाकण असतं तसंच हे.

मग वीज. हा पंखा पंधरा अँपिअर खातो, गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा. सुरू होताना तर क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. एवढी वीज डॅशबोर्डच्या बारक्या बटणातून नेली म्हणूनच आमची वायर वितळली होती. आता बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ तीस अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले. रिले म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेणारा मुकादम. बटणातून थोडीशी वीज रिलेला इशारा करते, मोठा भार जाड वायरीतून जातो. रेडिएटरच्या वरच्या टाकीत उष्णतेवर चालणारा स्विच बसवला. पाणी ९२ ला पोचलं की पंखा आपोआप सुरू, ८७ ला आलं की बंद. ड्रायव्हर विसरला, ही तक्रारच संपली. डॅशबोर्डवर बटण आहे ते फक्त ओढ्यात पंखा बंद ठेवायला, आणि पंखा फिरतोय हे सांगणारा एक हिरवा दिवा.

अल्टरनेटरही बदलावा लागला. आमचा पस्तीस अँपिअरचा होता. रात्र, पाऊस, लाइट, वायपर, त्यात पंखा, आणि इंजिन संथ चालू असताना अल्टरनेटर आपली पूर्ण वीज देतच नाही. बॅटरी हळूहळू रिकामी होते आणि ते कळतं नको त्या ठिकाणी. हा खर्च मला कोणी आधी सांगितला नव्हता. रेडिएटर, झाकण, मीटर, पंखा, पत्रा, वायरिंग, अल्टरनेटर आणि मजुरी मिळून चौदा हजार सहाशे झाले. गटाच्या बायकांनी प्रवासाच्या हिश्श्यातून चार हजार दिले, बाकीचे मी माझ्या शिवणाच्या पैशातून. यजमानांकडे मागितले नाहीत. त्यांनी नंतर बॅटरी आणून दिली, ते वेगळं.

सगळं जोडून झाल्यावर फौजीकाकांनी पेपर माझ्याच हातात दिला. पान जाळीला सपकन चिकटलं, ओढून काढावं लागलं.

एक सावधगिरी मात्र नव्यानं शिकावी लागली. पट्ट्याचा पंखा इंजिनाबरोबर थांबतो. हा पंखा थांबलेल्या गाडीतही, किल्ली चालू राहिली तर, अचानक फिरायला लागतो. आपण वाकून पाणी बघतोय, पदर नाही तर ओढणी सुटलेली, शेजारी मुलं डोकावतायत. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी किल्ली काढून कमरेला. आमच्या गाडीत हा नियमच आहे. पट्ट्याजवळ तर पदर खोचल्याशिवाय कोणी जायचंच नाही.

आणि पट्टा गेला असं समजू नका. पंखा विजेवर आला तरी पाणी फिरवणारा पंप पट्ट्यावरच आहे, अल्टरनेटरही. पट्टा तुटला की पाणी जागच्या जागी उकळतं, पंखा कितीही फिरो.

गॅरेजांचा एक अनुभव सांगायचा राहिला. गाडीबद्दल मी विचारलं की उत्तर माझ्याशेजारच्या पुरुषाला मिळायचं, मग तो शेजारचा पुरुष माझा चौदा वर्षांचा भाचा का असेना. पहिल्या गॅरेजात मी व्हॉल्व्ह का काढला विचारलं तेव्हा "ताई, ते तुम्हाला नाही समजायचं" असं ऐकलं आणि गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. कुकर, बंब, चिमणी, फ्यूज, यातलं काय आपल्याला समजत नाही?

आता दर सोमवारी सकाळी, गाडी गार असताना, गटातल्या दोघीजणी पाळीपाळीनं पाण्याची पातळी बघतात, होज चाचपतात, पट्टा अंगठ्यानं दाबतात, बोटाच्या जाडीपेक्षा जास्त दबला तर पोराला हाक. महिन्यातून एकदा पेपर धरतात. मीटरची वही चालू आहे, चौथी भरत आली. या मेमध्ये भरल्या गाडीनं लांब चढावर सगळ्यात वरचा आकडा ९६ लागला.

पोराच्या हातावर फिक्या गुलाबी रंगाचा पट्टा राहिलाय. डॉक्टर म्हणाले होते लगेच पाणी घातलं म्हणून एवढ्यावर भागलं. ती मुलगी आता शाळेत जाते. तिची आजी अजून मला टूथपेस्टवरून ऐकवते, की लावू दिली असती तर डागही राहिला नसता. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

परवा पट्ट्याच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. शनिवारी नवा घालतोय. जुना टाकायचा नाही, चौदा नंबरच्या पान्यासकट सीटखाली ठेवायचा, आणि तो रस्त्यात कसा चढवायचा हे या वेळी पोरानं नाही, आम्ही दोघींनी करून बघायचंय.